बद्रुद्दीनचं देणं

देऊळघाटात बद्रुद्दीन पिंजाऱ्याच्या हातची गादी नाही असं घर शोधूनच काढावं लागलं असतं. त्यामुळं तो छातीत कळ येऊन अचानक गेला तेव्हा मशिदीपुढं माणूस मावेना. जनाज्याच्या नमाजेला रांगा उभ्या राहिल्या, आणि मौलवीसाहेबांनी त्याच्या मुलाला, आसिमला, दंडाला धरून पुढं केलं. पुढं काय बोलायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. बाप गेला की मुलानं ते चारचौघांत बोलायचंच असतं.

"माह्या अब्बाकडं कोणाचं काही देणं निघत असल," आसिम म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला, "तर माह्याकडून घेऊन जा. नाही तर अल्लाहच्या वास्त्यानं माफ करा."

इथवर सगळं रीतीनं झालं. पण आसिमला वाटलं, अब्बा चाळीस वर्षं गावोगाव फिरून गाद्या भरत होता, चिखलीपासून बुलढाण्यापर्यंतचे लोक त्याला ओळखत. ते सगळे काही जनाज्याला आले नसतील. म्हणून तिसऱ्या दिवशी त्यानं तेच बोलणं मोबाइलवर लिहिलं. अब्बाचं नाव, गाव, गेल्याची तारीख, खाली 'कुणाचं लेनदेन असल्यास या नंबरवर कळवावे' आणि वर अब्बाचा फोटो. बिरादरीच्या ग्रुपवर टाकलं, गावाच्या ग्रुपवर टाकलं, कापसाच्या बाजारभावाच्या ग्रुपवरही टाकलं. लोकांनी हळहळून पुढं पाठवलं. ते कुठून कुठं गेलं ते अल्लाहलाच ठाऊक. चांगल्या मनानं केलेली चूक होती ती, म्हणून कुणाला चूक वाटली नाही.

घेणेकरी आले ते मात्र दारातूनच आले. स्टँडवरचा चहावाला आला, चाळीस रुपये निघतात म्हणाला आणि आसिमनं खिशात हात घालताच "राहू दे, माफ" म्हणून उठला. खोळीचं कापड देणारा आला, कपभर चहा पिऊन, बराच वेळ आपल्या पायांकडं बघून, मग बोलला. त्याला आसिमनं दोन माणसांसमोर पैसे मोजून दिले. झुंबरबाईही येऊन गेली, एकदा तिसऱ्या दिवशी आणि एकदा विसाव्या. वरच्या आळीतली म्हातारी, एकटी, कापूस वेचायला जाणारी. दोन्ही वेळा ती बद्रुद्दीनच्या बायकोजवळ, इमामबीजवळ, पदर तोंडाला लावून बसली, बाहेर ओसरीच्या कोपऱ्याकडं बघत राहिली आणि काही न बोलता गेली. दुःखच एवढं, माणूस काय बोलणार, असं इमामबीला वाटलं.

इमामबी इद्दतीत होती. नवरा गेल्यापासून चार महिने दहा दिवस बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषापुढं यायचं नाही. ओसरी आणि आतली खोली यांच्यामध्ये आसिमनं जुन्या खोळीचा पडदा बांधला होता. पडद्याबाहेर पिंजायचं यंत्र आणि आसिम, पडद्याआत इमामबी आणि सून आसमा. बाहेर कापूस पिंजून निघायचा, आत ढिगानं यायचा, दोघी तो खोळीत भरून काठीनं बडवून सारखा करायच्या आणि दाभणानं टाके घालायच्या. गेल्या दोन वर्षांपासून कपाशीत गुलाबी अळी पडत होती. अशा बोंडांतून निघणारा किडका, पिवळा कापूस, कवडी, कुणी व्यापारी घेत नव्हता, म्हणून ती पिंजाऱ्याला स्वस्तात मिळे. आणि ज्याच्या शेतात कवडी निघाली त्याच्याकडं नवी गादी भरायला पैसे नसत. तेव्हा स्वस्त कापूस घरात पडून आणि गिऱ्हाईक नाही, असं ते वर्ष होतं. जुन्या गाद्या उसवून पुन्हा भरायच्या, तेवढंच काम.

पहिला फोन पौषात आला, सकाळी दहाच्या सुमाराला. यंत्राच्या आवाजात आसिमला तो ऐकू गेला नाही. आसमानं उचलला, ऐकलं आणि हातभर लांब धरून सासूपुढं केला.

"अम्मा, तुमालेच मागून राह्यला कोणी."

"मले? मले कोण मागते?"

"सलाम अलैकुम, बहनजी," फोनमधला आवाज म्हणाला. गोड होता, शिकल्यासवरल्याचा होता. "मरहूम बद्रुद्दीन साहब की बेवा बोल रही हैं ना?"

परक्या पुरुषाच्या तोंडून आपल्याला बेवा म्हटलेलं इमामबीनं प्रथमच ऐकलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जणू तो माणूस समोर उभा होता.

त्यानं एका फायनान्सचं नाव घेतलं, इतकं भरभर की हाती लागलं नाही. मग म्हणाला, मरहूमांनी दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर कर्ज उचललं होतं. व्याजासकट अडुसष्ट हजार झालेत. आज पाचच्या आत भरा. आणि हे कुणाला सांगू नका, मेलेल्या माणसाची बदनामी होईल. शेवटी तो जरा थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "आप इद्दत में हैं, मालूम है मुझे. लेडीज पुलिस घर से उठा के ले जाएगी तो अच्छा लगेगा क्या?"

 फोन कापसाच्या ढिगात पडला आणि आतून बोलतच राहिला.

आसिमनं यंत्र बंद केलं. कामाच्या वेळी यंत्र थांबलं की घरात भलतीच शांतता होई, पिंजाऱ्याच्या घराला ती सोसत नाही. तो पडदा सारून आत आला, भुवयांवर कापूस, नाकाला रुमाल.

"काय झालं? अम्मा, काऊन अशी बसली तू?"

आसमानं सांगितलं. आसिम हसायला गेला पण हसू आलं नाही.

"अब्बा कायले कर्ज घेतीन? त्याले तर वाचता येत नव्हतं."

"त्याच्याजवळ मोबाइल होता न," इमामबी म्हणाली.

होता. आसिमचाच जुना. बद्रुद्दीन त्यावर कव्वाली ऐके. त्याच्या बोटांना घट्टे होते, एकदा दाबून काही व्हायचं नाही, म्हणून तो चार-चार ठिकाणी दाबत बसे. कुठं काय उघडे, कुठं काय बंद होई. मग तो फोन आसिमकडं टाकी आणि म्हणे, "पाह्य बे, काय बिघडवलं म्या." आता तिघांनाही तेच आठवलं. कुठं बोट लागलं असेल? कुठं हो म्हटलं गेलं असेल? जे माणसानं केलं नाही असं खात्रीनं सांगता येतं त्याची भीती वाटत नाही. जे त्यानं नकळत केलं असेल त्याचीच वाटते.

आणि इमामबीला पोलिसांहून मोठी भीती दुसरीच होती. कर्ज डोक्यावर घेऊन गेलेल्या माणसाची रूह अडकून राहते, हे ती पोरवयापासून ऐकत आली होती. माती दिली, फातिहा झाली, सगळं झालं आणि तो अजून अधांतरी लटकला असेल तर?  दुपारची भाकरी तिनं तशीच झाकून ठेवली.

पाच वाजता आसिमनं स्वतः फोन घेतला. आता आवाज दुसरा होता, जाडा, आणि पहिल्यासारखा गोड नव्हता. तू जनाज्यात सगळ्यांसमोर जबान दिलीस ना, असं तो म्हणाला.  गावाबाहेरच्या माणसाला जनाज्यातलं बोलणं कसं कळलं? म्हणजे हे खरोखरच सरकारचे लोक असतील, यांना सगळं कळतं. आपणच ते मोबाइलवर लिहून दहा ठिकाणी पाठवलं होतं, हे भ्यायलेल्या माणसाला आठवत नाही.

"साहेब, थोडी मुदत द्या," आसिम म्हणाला.

मुदतीसाठी फाईल थांबवावी लागते आणि फाईल थांबवायचे साडेचार हजार लागतात, असं कळलं. पाठवलेल्या नंबरावर आसिमनं ते भरले. घरात तेवढेच पैसे होते. पैसे गेले की आवाज नरमेल असं त्याला वाटलं होतं. अर्ध्या तासात पुन्हा फोन आला आणि आता शिवी आधी आली, बाकीचं मागून.

पुढचे सहा दिवस त्या घरानं कसे काढले ते त्यांनाच माहीत. सकाळी आठपासून फोन सुरू होई. नंबर दर वेळी वेगळा. उचलला तर शिव्या, नाही उचलला तर पुन्हा वाजे. बंद करून ठेवावा तर इमामबीच ओरडे, "बंद नोको करू, त्याइले राग येईन!" रस्त्यावर जीप थांबली की ती दाभण टाकून भिंतीला पाठ लावी. बाहेर पोस्टमन जरी खाकरला तरी आसमा पडद्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राही. टाके वाकडे पडू लागले. इमामबीच्या डाव्या हाताची बोटं दाभणानं टोचून काळी पडली आणि एका खोळीवर रक्ताचा डाग पडला, तो तिनं थुंकी लावून पुसला.

चौथ्या दिवशी आसिम यंत्रात कापूस घालत होता. खिशातला फोन वाजला, त्याचं अंग दचकलं आणि सदऱ्याची बाही रुळाच्या दातांनी धरली. आसमानं आतून किंकाळी ऐकली. तिनं धावत येऊन खटका पाडला तोवर बाही कोपरापर्यंत आत गेली होती. हात वाचला. कातडं सोलवटलं होतं, कोपरापासून मनगटापर्यंत, पिंजून काढल्यासारखं.

आसिम जमिनीवर बसला आणि रडायला लागला. अठ्ठावीस वर्षांचा गडी, बायकोसमोर.

"हे यंत्रच विकून टाकतो," तो म्हणाला. "चिखलीचा उद्धवशेठ कधीचा मागून राह्यला. त्याइच्या तोंडावर फेकतो पैसे. अब्बा सुटीन अन् आपुनही सुटू."

"अन् मंग खाशीन काय?" आसमानं विचारलं.

"जिनिंगवर गाठी उचलीन. दुसऱ्याच्या शेतात जाईन. पण हे नोको आता."

इमामबी पडद्याची कड धरून ऐकत होती. यंत्र बद्रुद्दीननं हातानं पिंजायचं धनुकं टाकून घेतलं होतं, त्याला वीस वर्षं झाली होती. आठ-आठ दिवसांनी तो त्याला तेल पाजायचा. पण रूह अडकलेली आणि यंत्र घरात, असं कसं चालेल? इमामबीनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे आसमाला कळलं नाही, आणि आसिमनं हो धरलं.

तो जीपनं चिखलीला जाऊन आला. उद्धवशेठचं गाद्यांचं दुकान होतं, आता बहुतेक फोमच्या गाद्या विकायचा, पण आसपासच्या खेड्यांतून कापसाच्या गादीची मागणी अजून होती. गरजू माणूस समोर बसला की भाव कसा पडतो ते उद्धवशेठला सांगावं लागत नव्हतं. त्यानं अर्ध्या किमतीला सौदा केला, थोडा बयाना हातावर ठेवला, वर घरात पडलेला सगळा कापूस फुकट मागितला आणि आसिमनं तोही कबूल केला.

सोमवारी दुपारी टेंपो दारात लागला. उद्धवशेठ स्वतः आला होता. आसिम पान्यानं यंत्राच्या पायांचे बोल्ट काढायला बसला. सोलवटलेल्या हाताला जोर लावता येत नव्हता, म्हणून एकेका बोल्टाला वेळ लागत होता. हमाल ओसरीच्या कोपऱ्यातली कापसाची गाठोडी उचलून टेंपोत टाकू लागले.

तेवढ्यात फोन वाजला नाही, नुसता टुणटुणला. आसिमनं बघितलं आणि पाना त्याच्या हातातून गळून पडला.

अब्बाचा फोटो होता. त्याभोवती लाल चौकट, वर मोठ्या अक्षरात 'चोर', खाली 'कर्ज बुडवून मेला, याच्या घरच्यांपासून सावध राहा'. बरोबर निरोप होता, एक तासात पैसे आले नाहीत तर हे सगळ्या गावाला जाईल. आणि एक तास वगैरे काही नव्हतं. गावाच्या ग्रुपवर ते आधीच येऊन पडलं होतं.

"काय होय?" आतून इमामबीनं विचारलं. "काऊन पाना पडला?"

आसमा बाहेर आली आणि आसिमच्या हातातला फोन घेऊन आत गेली.

"आसमा, काय होय थे? दाखव मले."

नवरा गेल्यापासून इमामबीनं त्याचा एकही फोटो बघितला नव्हता. बघायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, बघितला की धीर सुटतो. आसिमनं तो मोबाइलवर टाकला तेव्हाही तिनं तोंड फिरवलं होतं. पहिल्या दिवशी त्या लोकांनी कर्जाचा कागद म्हणून मोबाइलवर काही पाठवलं, त्याच्या कोपऱ्यातही फोटो होता म्हणे. तिनं तोही बघितला नाही. आता आसमानं फोन पुढं धरला आणि तिला बघावंच लागलं.

बद्रुद्दीन हसत होता. दाढीत कापूस अडकला होता. मागं यंत्र होतं. इमामबीच्या डोळ्यांना धार लागली. 'चोर' हा शब्द तिला वाचता येत नव्हता, पण लाल रंग दिसत होता. तिनं पदरानं डोळे पुसले, काच पुसली, पुन्हा बघितलं आणि बघतच राहिली.

"हा फोटो कधीचा होय?"

"म्याच काढला होता," आसमा हुंदके देत म्हणाली. "ते जायच्या दोन दिवस आधी. हसत होते न, म्हणून काढला."

"त्याच्या चष्म्याले पाह्य."

चष्म्याची एक काडी निळ्या दोऱ्यानं बांधलेली होती.

"हा दोरा म्या बांधून देल्ला," इमामबी म्हणाली. "पांढरं रीळ सरलं होतं, म्हणून निळा. त्याच आठवड्यात. सोमवारी चष्मा मोडला, जुम्म्याले ते गेले." ती थांबली. तिनं फोन पडद्याखालून ओसरीत सरकवला. "आसिम! थो कागद काढ. कर्जाचा. त्याच्यावर फोटो कोणता हाये?"

आसिमनं फोनमध्ये तो कागद शोधून काढला. सहा दिवसांत त्यानं तो पन्नास वेळा उघडला असेल, दर वेळी फक्त आकडा बघितला असेल. आता त्यानं फोटो मोठा केला. तोच फोटो. तीच दाढी, तोच कापूस, निळा दोरा. वर तारीख दोन वर्षांपूर्वीची, जून महिन्यातली.

"दोन सालाआधी तुह्या बापानं कर्ज घेतलं," पडद्याआडून आवाज आला, "अन् दोन सालानंतर मोडलेला चष्मा घालून फोटो देल्ला? त्याइनं हा फोटो कोठून घेतला रे?"

आसिम उत्तर देईपर्यंत उद्धवशेठनंच मान वाकवून फोनमध्ये बघितलं. मग तो पुढचं-मागचं सगळं विचारत गेला आणि आसिम सांगत गेला. तू मेसेज टाकला होता? त्यात नाव, गाव, तारीख, जनाज्यातलं बोलणं सगळं होतं? नंबर पण? उद्धवशेठनं कपाळाला हात लावला.

"आसिमभाई, तूच त्याइले सगळं लिहून देल्लं. इद्दतीचे दिवस तर कोणीबी मोजतं तारखेवरून." तो जरा वेळ यंत्राकडं बघत राहिला. सौदा हातचा चालला हे त्याला दिसत होतं आणि ते त्याच्या तोंडावरही दिसत होतं. "माह्या साडूलेही असाच फोन आला होता. घाई करते, कोणाले सांगू नोको म्हणते, अन् आपला पत्ता काही देत नाही. खरा वसुलीवाला कागद घेऊन दारात येते बाप्पा, त्याचं ऑफिस राह्यते. याले विचारा बरं, तुहं ऑफिस कोठी हाये म्हणून."

फोन वाजला. नवा नंबर. आसिम, उद्धवशेठ आणि पडद्याशी उभी आसमा त्याच्याकडं साप बघावा तसे बघत राहिले.

"आत दे," इमामबी म्हणाली.

आसमानं तो आत नेला आणि आवाज मोठा केला. उद्धवशेठ उगीचच दोन पावलं मागं सरला. इद्दतीतल्या बाईचा आवाज परक्यानं ऐकू नये हे त्यालाही ठाऊक होतं.

"देखा ना फोटो?" जाडा आवाज म्हणाला. "अब बोल, बुढ़िया."

इमामबीनं पदर पुढं ओढला. मग ती बोलली.

"माह्या नवऱ्याचं देणं असल तर दारात ये. देऊळघाटले पिंजाऱ्याचं घर कोणीबी दाखवीन. दोन साक्षीदार घेऊन ये. खाटेवर बस, पाणी पे, अन् सांग कधी देल्ले, कोणत्या हातात देल्ले. म्या अंगावरचं विकीन पण तुहं देणं फेडीन. येतं का?"

"ज्यादा होशियारी मत कर. पुलिस..."

"पोलीसबी घेऊन ये. तुहं नाव काय? तुह्या बापाचं नाव काय? मेल्या माणसाचं नाव घेतं तू, तुहं तर सांग!"

 मग एक अशी शिवी आली की आसमानं सासूच्या कानावर हात ठेवला, आणि फोन कटला. इमामबी खाली बसली ती बसलीच.  जिंकल्यासारखं कुणालाच वाटलं नाही. गावभर तो फोटो फिरत होता आणि लाल चौकट काही कुणी पुसणार नव्हतं.

उद्धवशेठनं आसिमला सायबर पोलिसांचा १९३० हा नंबर सांगितला, तिथं तक्रार कर म्हणाला, पोलीस ठाण्यातही लिहून दे. साडेचार हजार परत येतील का, विचारल्यावर त्यानं हात उलटे केले. मग हमालांना उगाच दरडावून म्हणाला, "उतरवा रे गाठोडी. काय पाहून राह्यले?"

गाठोडी उतरू लागली. त्यातलं एक, मळक्या लुगड्यात बांधलेलं, हमालानं पडद्याजवळ आदळलं. इमामबीनं ते बघितलं आणि तिच्या डोक्यात चष्मा पुन्हा मोडला. तो सोमवार. बद्रुद्दीन हातात चष्म्याचे दोन तुकडे घेऊन आत आला होता आणि हसत म्हणाला होता, "झुंबरबाईचं गाठोडं पायात आलं. आता बांध याले कशानंबी. तिची गादी दोन दिवसात द्याची हाये, थंडी पडली."

दोन दिवसात. आणि आता पौष संपत आला होता.

"या अल्लाह," इमामबी म्हणाली. "थे कोपऱ्याकडं पाहत होती. दोनी वेळा. आसमा, जा. पळ. झुंबरआक्काले..."

आसमाला जावं लागलं नाही. झुंबरबाई दारातच उभी होती. वेचणीचं फडकं अजून कमरेला, पायांना काळी माती, धापा टाकत आलेली. टेंपो, परके लोक, उघडे बोल्ट, हे काही न बघता ती सरळ पडद्याआत शिरली आणि इमामबीचे दोन्ही हात धरून बसली.

"म्या नाही सांगतलं, बाई! देवाशपथ म्या कोणालेच नाही सांगतलं!"

"काय नाही सांगतलं, आक्का?"

"वावरात पोट्ट्याइनं मोबाइल दाखवला. बद्रुभाऊले चोर लिहिलं म्हणे. मले वाटलं, माह्या गादीचंच लिहिलं असल. म्या तर तोंडबी उघडलं नाही. घरात दुःख, म्या गादी कशी मागू? पोत्यावर निजते, काय झालं त्याले? बद्रुभाऊले चोर म्हणावं एवढी का मी..." 

इमामबी तिच्या हातांकडं बघत राहिली. बोंडांच्या टोकांनी चिरलेले हात, थंडीनं काळे पडलेले. सहा दिवस ज्या देण्याच्या भीतीनं घरातलं अन्न गोड लागलं नाही, ते देणं नव्हतंच. आणि जे होतं ते दोनदा येऊन शेजारी बसून गेलं होतं, आणि आणखी थोडा वेळ गेला असता तर ते टेंपोत बसून चिखलीला गेलं असतं. फोनवरच्या माणसाची भीती एक होती. ही दुसरी भीती आत्ता आली आणि ती जास्त खोल गेली.

ओसरीत आसिमनं सगळं ऐकलं होतं. त्यानं पाना उचलला आणि काढलेले बोल्ट डाव्या हातानं परत घट्ट करायला लागला. उद्धवशेठ जरा वेळ उभा राहिला, मग त्यानं बाह्या सरसावल्या आणि दुसरा पाना मागितला. "बयाना परत कर उद्या," एवढं मात्र तो बोलला.

उन्हं कलायच्या आत यंत्र सुरू झालं. झुंबरबाईचा कापूस जुना, ढेकळं झालेला, तो पिंजून निघाला आणि पडद्याखालून पांढरा आत येत राहिला. इमामबीनं खोळ पसरली. आसमानं भरायला घेतलं. झुंबरबाई नको नको म्हणत होती, पण काठी तिनंही उचलली आणि तिघी मिळून गादी बडवू लागल्या. धुळीनं खोकला येत होता. इमामबी एकटीच टाके घालत होती, टोचलेल्या बोटांनी, हळूहळू, आणि ते सरळ पडत होते.

शेवटची ओळ घालताना तिनं खाली बघतच विचारलं, "झुंबरआक्का, त्याइच्याकडं अजून काही राह्यलं का तुमचं?"

झुंबरबाईनं गादीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"नाही, बाई. काही नाही राह्यलं."

कापसाच्या ढिगात कुठंतरी फोन वाजायला लागला. तिघींचे हात थांबले. आसमानं सासूकडं बघितलं. इमामबीचं दाभण हवेतच होतं. फोन वाजत राहिला, कापसानं त्याचा आवाज दबला होता, पण वाजत राहिला. मग इमामबीनं दाभण खाली आणून टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला आणि गादी झुंबरबाईच्या बाजूला सरकवली.